भासऱ्यांची दोन रुळांची भाषा

आधीच सांगून ठेवते, माझ्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घ चुकेल आणि अक्षरही बरं नाही. चौथी झाली आणि शाळा सुटली, नंतर हातात पेन्सिलीपेक्षा विळाच जास्त राहिला. त्यामुळे माझी ओळ सरळ जात नाही, खळ्यात पडलेल्या तणसासारखी इकडेतिकडे होते. कोणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं. मी चारचौघांत बोलणारी बाई नाही. पण आमचे भासरे गेले तेव्हापासून वाटतं की त्यांच्याबद्दल कुठेतरी लिहून ठेवलेलं असावं, आणि घरात दुसरं कोणी लिहिणार नाही.

आमच्या भासऱ्यांइतकी काळजी करणारा माणूस नागभीड जंक्शनात त्यांच्याआधी झाला नाही आणि पुढे होईल असं वाटत नाही. भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. रेल्वेत काटेवाले होते. रुळाला जिथे दोन फाटे फुटतात तिथला काटा ओढायचा आणि गाडी या रुळानं जाईल की त्या रुळानं ते ठरवायचं, हे त्यांचं जन्मभराचं काम. काटा ओढला, कुलूप लावलं की दुसरा माणूस बिडी पेटवतो. हे कुलूप ओढून बघायचे, थोडं पुढे जायचे, परत येऊन ओढून बघायचे, आणि गाडी येईपर्यंत त्या कुलपाकडे असे बघत उभे राहायचे की कुलपालाच आपलं काही चुकलं असं वाटावं. त्यांच्या हातून कधी गाडी चुकीच्या रुळावर गेली नाही. पण ती जाईल या भीतीनं त्यांची झोप आणि डोक्यावरचे केस दोन्ही लवकर गेले. रिटायर झाल्यावर त्यांनी झेंड्या जमा केल्या, कंदील जमा केला, कोट जमा केला, फक्त ही भीती जमा करायची राहून गेली आणि ते ती घरी घेऊन आले.

त्यांची पहिली ओळख मला माझ्या लग्नातच झाली. वरात आमच्या गावच्या आखरापर्यंत, गुरं जमतात त्या वेशीपर्यंत, आली तेव्हा भासऱ्यांना शंका आली की आपण घराची कडी लावली की नाही, आणि ते कोणाची तरी सायकल घेऊन परत गेले. मोठ्या भावाशिवाय लग्न लागेना. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले, त्यांनी तो आळीपाळीनं धरला, मंडपातली लहान पोरं झोपून गेली, आणि मी पाटावर मान खाली घालून घामानं निथळत बसले, मला वाटलं की माझ्यातच काही खोट निघाली असावी. अंधार पडता पडता भासरे आले. माझ्या वडिलांनी विचारलं, "लावली होती का मग कडी?"

"लावली होती," भासरे म्हणाले. "पन बरोबर लागली होती का हे पाहासाठी मले उघडून पाहा लागली."

"मग पुन्हा लावली ना?"

तेव्हा म्हणे भासऱ्यांचा चेहरा असा पांढरा पडला की माझ्या मामानं त्यांचा हात धरून ठेवला आणि भटजींना खूण केली की आता उरकून टाका.

गावात चालतानाही त्यांचं असंच. दोन पांदणी जिथे मिळतात तिथे ते थांबायचे, डावीकडे बघायचे, उजवीकडे बघायचे, आणि शेळ्या येत असल्या तर हात वर करून त्यांना आधी जाऊ द्यायचे. शेळ्यांना त्याची इतकी सवय झाली होती की भासरे आजारी पडले तेव्हा त्या पांदणीत उभ्या राहिलेल्या आमच्या घरच्यांनी पाहिल्या आहेत. ताक प्यायच्या आधी वास घ्यायचे, प्यायल्यावर घ्यायचे, आणि मग दिवसभर पोटावर हात ठेवून काही होतं का याची वाट बघायचे. काही झालं नाही की जास्त घाबरायचे.

हे सगळं मी पदराआडून पाहिलेलं. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यांशी बोलायचं नसतं, आणि भासऱ्यांनीही तिच्याशी थेट बोलायचं नसतं. एकमेकांची सावलीही ओलांडायची नाही. काही सांगायचं झालं तर तिसऱ्याला सांगायचं आणि ज्याला कळायचं त्यानं समजून घ्यायचं. आमचा तिसरा माणूस म्हणजे माझ्या सासूबाई. त्या छपरी आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या उंबरठ्यावर दिवसभर बसायच्या आणि दोन्हीकडची बोलणी इकडून तिकडे करायच्या. सासूबाई घरात नसल्या तर भासरे जे समोर असेल त्याच्याशी बोलायचे. एकदा भर दुपारी ते छपरीत येऊन खाटेला म्हणाले, "खाटे, चुलीमागच्या सरपनात साप गेल्यासारखा दिसला. घाबराचं काम नाई, पन बाहेर येवाव." मी बाहेर आले. खाट तिथेच राहिली.

आता त्यांच्या लेकीचं सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. भासऱ्यांची बायको लवकर गेली. एकच मुलगी, ती माझ्या हाताखाली वाढली. मोठी झाली, नागपूरला नर्सिंग शिकली आणि तिथेच पाँडिचेरीकडच्या एका मुलाशी तिनं लग्न केलं. त्या मुलाचे घरचे फ्रान्स देशात राहायला गेलेले होते. तीही जायला निघाली. निरोप घ्यायला घरी आली तेव्हा भासरे मागच्या दारानं बोडीकडे, म्हणजे शेततळ्याकडे, निघून गेले. ज्या दिवशी ती छोट्या लाइनीच्या रेल्वेगाडीनं नागपूरला जाणार होती त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना सांगितलं की मी ड्यूटी दुसऱ्याला देऊन चिमूरला चाललो. बाप स्टेशनवर असूनही पोरीसमोर आला नाही असं म्हणायलासुद्धा गावाला जागा नव्हती, बाप गावातच नव्हता. लोकांनी ते पुष्कळ दिवस बोलून घेतलं आणि भासऱ्यांनी ऐकून घेतलं. त्यानंतर बापलेकीत बोलणं नाही. तिचा फोन यायचा तो चौकातल्या एसटीडीवर, माझ्या नावानं. मी बोलायचे आणि भासरे बाहेर सायकल पुसत उभे राहायचे. सायकल कोणाचीही असायची.

एकदा तिनं सांगितलं की धान कापणी झाल्यावर ती येणार आहे, सात वर्षांच्या मुलीला घेऊन. मग म्हणाली, "काकू, पन तिले मराठी येत नाई. तिथलीच भाषा येते." आणि तिनं मुलीलाच फोनवर दिलं. त्या कोवळ्या आवाजात काहीतरी भरभर आलं, मला काही समजेना, मी घाबरून रिसीव्हर बाहेरच्या बाजूला धरला. भासऱ्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. ऐकत राहिले. मग जन्मभराच्या सवयीनं म्हणाले, "हॅलो, नागभीड." पलीकडे मुलगी हसली असावी, कारण ते परत येताना पांदणीवर थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते नागपूरला गेले आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानातून इंग्रजीतून फ्रेंच शिकवणारं एक पुस्तक घेऊन आले. कव्हर नव्हतं, सुरुवातीची पानंही नव्हती. भासऱ्यांचं इंग्रजी रेल्वेपुरतं, पण चिकाटी मोठी. सासूबाईंनी विचारलं, "या वयात काय कराचं हाय तुले हे?"

"नातीले काही जुनं सांगाचं हाय," भासरे म्हणाले. "तिची माय गेली त्या दिवसाचं."

मी आतून सासूबाईंना हळूच म्हटलं, "आत्याबाई, त्याइले म्हना, मराठीत सांगा, तिची माय समजावून देईन लेकराले."

भासऱ्यांनी ते ऐकलंच होतं, तरी सासूबाईंनी सांगेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "मराठीत सांगतलं तं ते तिच्या मायशीच बोलल्यासारखं होईन. मी तिच्याशी बोलत नाई. नातीशी बोलाले माही काही हरकत नाई. मधात तिच्या मायनं आयकलं तं आयकलं."

सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आयकलं का वो? आता इतक्या दुरून तिसरं मानूस आनलं यानं."

जुनं सांगायचं म्हणजे झालेलं सांगायचं, आणि तिथेच सगळा घोटाळा होता. त्या भाषेत म्हणे झालेली गोष्ट एका शब्दात सांगता येत नाही. आधी एक जोडीचा शब्द लावावा लागतो, आणि ते जोडीचे शब्द दोन आहेत. एक म्हणजे आपलं 'आहे', त्याला भासरे एत्रे म्हणायचे. दुसरा म्हणजे 'जवळ आहे', त्याला ते अव्हॉइर म्हणायचे. आलो, गेलो, राहिलो, पडलो, चढलो, उतरलो, जन्मलो, मेलो, अशा थोड्या गोष्टी एत्रेच्या रुळावर जातात आणि बाकी सगळं जग अव्हॉइरच्या रुळावर. हे कळलं त्या दिवशी भासरे जेवले नाहीत. देवानं आपल्याला रिटायर झाल्यावर पुन्हा काट्यावर उभं केलं, आणि आता लावायला कुलूपही नाही, असं काहीतरी त्यांना झालं. छपरीत येरझारा घालत ते म्हणायचे, "शिडीवर चढलो तं एत्रे. शिडीवर पोतं चढवलं तं अव्हॉइर. मानूस तोच, शिडी तेच. एका पोत्यानं लाईन बदलते. कसं कराव मानसानं."

सासूबाईंना मात्र त्यात रस यायला लागला. त्या बसल्या बसल्या विचारायच्या.

"जन्मले थे कोन्या लाइनीवर?"

"एत्रे."

"आन ज्या मायनं जन्म देल्ला थे?"

भासऱ्यांनी पुस्तकात पाहिलं. "अव्हॉइर."

"असं कसं? एकाच खाटेवरचं काम."

"पुस्तकात तसं हाय, माय."

"बरं, मेला?"

"एत्रे."

"आन मारला?"

"अव्हॉइर."

"हे बरं हाय. पोलिसाले इचाराचं काम नाई."

आंघोळ केली, उठलो, निजलो, अशी स्वतःची स्वतः केलेली कामं पुन्हा एत्रेवर जातात हे निघालं तेव्हा त्या म्हणाल्या की त्या देशात आंघोळ फार मोठी गोष्ट असावी. 'मी काही बोललो नाही' यात मधे 'नाइ' असा शब्द येतो, हे भासऱ्यांनी वाचून दाखवलं तेव्हा तर सासूबाईंनी निकालच दिला. "मग हे आपल्याच इकडची भाषा हाय. तू उगाच भेत हायेस."

पण भासरे भीतच होते. धानाला ओंब्या आल्या तरी त्यांचा काटा पक्का होईना. त्यांना अर्थ पाठ होते, शब्द पाठ होते, फक्त दोन्हींतलं एक निवडायची वेळ आली की ते अडायचे. एक बोलून दुसरं बरोबर होतं का हे बघायला ते मागे जायचे. शेवटी त्यांनी सासूबाईंना सांगितलं, "माय, तिले म्हनाव, एत्रेचे तेवढे शब्द तिनं पाठ कराव. मी इथून शब्द म्हनीन, तिनं आतून खून कराव. दुसऱ्यानं झेंडी दाखवली का मले भेव नाई वाटत."

मी चौथी शिकलेली. पण नाही म्हणायला तरी बोलावं लागतं, त्यापेक्षा पाठ करणं सोपं होतं. मी ते शब्द घरात ठेवून दिले. दारात आलो आणि गेलो, माळ्याच्या शिडीवर चढलो आणि उतरलो, न्हाणीच्या ओल्या दगडावर पडलो, बाळंतिणीच्या खोलीत जन्मलो, तुळशीपाशी मेलो, आणि चुलीपाशी राहिलो. माझ्या मनात मी असं धरलं की ज्यात माणूस स्वतःच इकडचा तिकडे होतो ते एत्रे, आणि जे केल्यावर माणसाजवळ काहीतरी उरतं ते अव्हॉइर. पाहिलं ते जवळ उरतं. ऐकलं ते उरतं. न बोललेलंही उरतं. चालणं आणि धावणं मात्र यात कुठे बसेना, ती अव्हॉइरवर का जातात ते मला आजपर्यंत कळलं नाही, पण ते मी पायांवर ढकललं.

खूण अशी ठरली. एत्रे असेल तर पाण्याच्या पितळी गुंडावर पळीनं ठोका, ठण. अव्हॉइर असेल तर लाकडी पाटावर, ठक. भासरे छपरीतून ओरडायचे, "रेस्टे, राहाणे," मी ठण करायची, आणि ते मोकळ्या आवाजात म्हणायचे, "जे सुइस रेस्टे." पुन्हा ओरडायचे, "वु, पाहाणे," मी ठक, आणि ते, "जाइ वु." सकाळी भात रटरटत असताना, दुपारी लाखोरीची डाळ निवडताना, ठण ठक ठण. बोडीवर धुणं धुताना बाया विचारायच्या, "काय वो, तुमच्या घरी रोज काय घडवून राह्यले?" मी म्हणायची, भासरे अभ्यास करतात. त्या एकमेकींकडे बघायच्या.

आणि काळजी मला लागली. भासऱ्यांच्या अंगावरून उतरली आणि पितळी गुंडावरून माझ्याकडे आली. एकदा मी पाणी भरलेला गुंड नुसता खाली ठेवला, तो ठण वाजला, आणि बाहेर भासरे 'पाहाणे' म्हणत होते. त्यांनी लगेच चांगलं पाठ असलेलं मोडून पाहण्याला एत्रे लावलं आणि तसंच घोकत बाजारापर्यंत जाऊन आले. सासूबाईंमार्फत सगळं उलगडेपर्यंत संध्याकाळ झाली. तेव्हापासून मी भांडी अशी ठेवायची की जशी अंडी ठेवतात. गुंडाकडे हात गेला की आधी कान बाहेर जायचा. दोनदा भाजी लागली. नवऱ्यानं विचारलं तर काय सांगणार, मेलो आणि मारला यात अडकले होते म्हणून लागली. मला खरी भीती ही होती की नात येईल, हा म्हातारा तिच्यापुढे बसेल, इतकी वर्षं मनात धरून ठेवलेलं सांगायला लागेल, आणि माझा हात चुकून भलत्याच भांड्यावर पडेल. पुन्हा तर तो सांगणार नाही. एकदा चुकीच्या रुळावर गेलं की हा माणूस जन्मभर गाडीच सोडणार नाही, हे मला माहीत होतं.

मायलेकी आल्या. मुलगी सावळी, बारीक, गुडघ्यापर्यंत मोजे घातलेली. पुतणीनं माझ्या गळ्यात पडून रडून घेतलं, आजीच्या पाया पडली, आणि छपरीच्या खांबाशी जाऊन थांबली. भासरे खाटेवर बसले होते, नवीन धोतर, हातात काही नाही. ती त्यांच्या पाया पडली. ते भिंतीकडे बघून म्हणाले, "गाडी लेट होती का म्हनाव." तिनं आजीला सांगितलं, "नाई म्हनाव, बरोबर होती." एवढंच बोलणं झालं.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर भासऱ्यांनी नातीला समोर पाटावर बसवलं. पुतणी मागे खांबाला टेकून वालाच्या, आमच्याकडे पोपटाच्या म्हणतात त्या, शेंगा सोलत होती. सासूबाई उंबरठ्यावर. मी आत पळी धरून, दोन्ही भांडी जवळ ओढून. पळी निसटू नये म्हणून मी ती पदरानं धरली होती.

भासऱ्यांनी घसा साफ केला. स्वयंपाकघराकडे तोंड करून हळूच म्हणाले, "वेनु."

वेनु म्हणजे येणे. माझा हात आपोआप गेला, ठण. आणि तो आवाज हवेत असतानाच मला कळलं की मी कशाला झेंडी दाखवली. त्या दिवशी ते स्टेशनवर आले होते. चिमूरला गेलेच नव्हते.

"जे सुइस वेनु," भासरे म्हणाले.

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. मग आईकडे बघितलं.

"जे सुइस वेनु," भासरे जरा मोठ्यानं म्हणाले. त्यांचं कपाळ चमकायला लागलं. तिसऱ्यांदा ते असं म्हणाले की फलाटाच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाला ऐकू जावं. मुलीनं मान हलवली, नाही, आणि मोजे वर ओढले. तिला एक अक्षर कळलेलं नव्हतं.

मला वाटलं, माझंच चुकलं. लाकूड वाजवायचं होतं, मी पितळ वाजवलं. मी पुन्हा सगळं घर फिरून आले, दार, शिडी, न्हाणी, चूल. येणं दारातच होतं. मग चुकलं कुठे? पुस्तकाची सुरुवातीची पानं नव्हती, आणि त्या भाषेत निम्मी अक्षरं लिहायची असतात पण बोलायची नसतात, हे त्याच पानांवर असणार. आम्ही दोघांनी काट्याची काळजी एवढी केली की गाडीच वेगळी आहे हे कोणी पाहिलं नाही.

तेव्हा शेंगा सोलायचा आवाज थांबला. पुतणी मुलीला हळू आवाजात म्हणाली, "झ स्वी व्हनू." तेच वाक्य, निम्मी अक्षरं गिळून. तिनं 'आजोबा म्हणतात' असं काही आधी लावलं नाही. जे भासऱ्यांच्या तोंडून आलं ते तिनं तसंच आपल्या तोंडानं म्हटलं, मी आलो. मुलीचा चेहरा उजळला. तिनं आजोबांकडे बघून मान डोलावली, कळलं, पुढे.

भासरे थांबले होते. त्यांनी लेकीकडे पाहिलं नाही. स्वयंपाकघराकडे वळून म्हणाले, "रेस्टे."

ठण.

"जे सुइस रेस्टे."

"झ स्वी रेस्ते," मागून आलं. मी तिथेच राहिलो.

"वु."

ठक.

"जाइ वु."

"झे व्हू." मी पाहिलं. या वेळी तिचा आवाज जरा उशिरा आला.

शेवटचं वाक्य त्यांनी ठोक्याची वाट न बघता म्हटलं. मी काही बोललो नाही, एवढंच ते होतं, आणि ते त्यांना पाठ असावं. मागून काही आलं नाही. मुलीनं मागे वळून आईकडे बघितलं, तिच्या गुडघ्याला हात लावला. पुतणी ओच्यातली शेंगांची सालं एकेक उचलून पुन्हा ओच्यातच टाकत होती. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. काय झालं ते त्यांना न कळण्यासारखं नव्हतं.

मग पुतणीनं मुलीला जवळ ओढलं आणि तिच्या कानात काहीतरी सांगितलं. पुन्हा सांगितलं. मुलगी ओठ हलवून घोकत होती, अगदी भासरे घोकायचे तशी. नंतर ती आजोबांसमोर येऊन उभी राहिली आणि मराठीत म्हणाली, एकेक शब्द उचलून ठेवत, "आई म्हनते, आईनं पाहिलं. टाकी मागे. तुमाले."

टाकीचं नाव कोणी काढलं नव्हतं. स्टेशनवर इंजिनात पाणी भरायची जुनी टाकी आहे, ती काट्यापासून थोड्या अंतरावर. मुलीनं हात वर करून हवेत हलवला, झेंडी दाखवतात तसा, आणि आईनं शिकवलेला शेवटचा शब्द म्हणाली, "हिरवी."

भासऱ्यांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिला म्हणाले, साध्या मराठीत, "तुह्या मायले म्हनाव, तिच्या गाडीचा काटा म्या ओढला होता. दुसऱ्याच्या हातात देल्ला नाई."

ते मुलीला कळलं नाही. ज्याला कळायचं त्याला कळलं.

पुढचे दिवस बापलेक मुलीमार्फतच बोलत होते. चहा घ्यायचा का, तिकडे थंडी किती असते, जावयाला मासे चालतात का, मुलगी इकडून तिकडे करत होती, अर्धं फ्रेंच, अर्धं आमच्या झाडीबोलीतलं, आणि दमली की पणजीच्या मांडीवर जाऊन पडायची. सासूबाई म्हणाल्या, "पड माय. म्या हे काम जन्मभर केलं, मले माहीत हाय." निघायच्या दिवशी आम्ही सगळे स्टेशनवर गेलो. भासरे फलाटावर सगळ्यांच्या पुढे उभे राहिले. हातांचं काय करायचं ते त्यांना सुचत नव्हतं, कधी पाठीमागे बांधायचे, कधी खिशात घालायचे. गाडी हलली तशी पुतणी खिडकीतून मुलीला म्हणाली, "आबाले सांग, पुढच्या थंडीत येऊ."

त्या खरंच आल्या, आणि भासरे असेपर्यंत आणखी एकदा आल्या. पण मला आठवते ती मधली सकाळ, त्या पहिल्यांदा गेल्यावरची. मी सवयीनं पळी घेऊन बसले होते. आता सांगायचं काही राहिलं नव्हतं, तरी भासरे छपरीत पुस्तक उघडून बसलेले दिसले. थोड्या वेळानं ते सासूबाईंना म्हणाले, "माय, तिले सांग, आता पुढचा धडा हाय. येईन, जाईन, भेटीन, असं. त्याले जोडीचा शब्द नाई लागत. एकच लाईन हाय, सरळ. तिनं आता आपलं काम कराव."

मला सुटल्यासारखं वाटायला पाहिजे होतं. मी पळी पाण्यात घातली, चुलीत लाकूड सारलं, भात पाहिला. बाहेर भासरे 'ती येईल' म्हणत होते, चुकीचंच म्हणत असणार, सगळी अक्षरं उच्चारून, पण न थांबता, मागे न बघता, पुन्हा पुन्हा. मी चुलीपाशी बसून ऐकत राहिले.